ऋषीची भाजी आणि तिची माती

पोळ्याला आपण बैल पूजतो. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार होते, आणि पोळ्यानंतर पाचव्या दिवशी, गणपती बसले की लगेच, ऋषिपंचमी येते. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बाया बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातले वर्ज्य. परसात, कुंपणाला, हाताने खणून लावलेले तेवढे चालते. म्हणून ऋषीच्या भाजीत धोप्याची पाने आणि कंद, सुरण, रताळे, भोपळा, दोडके, मक्याचे कणीस असे सारे एका भांड्यात शिजते. बहुतेक घरी मसाला नसतोच. मीठ, हिरवी मिरची आणि चिंच. ही चिंच केवळ चवीसाठी नव्हे. धोप्यात आणि सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घशाला खाज सुटते. आंबटाने ती कमी होते. सुरण चिरताना हाताला तेल लावायचे, तेही याचसाठी.

नांगर येण्याआधी माणूस काठीने कंद उकरून खात होता, त्याचीच आठवण या नेमात राहिली असावी, असे आम्हाला वाटते. मात्र भांड्यातले सगळेच जुने नाही. सुरण आणि धोपा आशियातलेच. रताळे व मका अमेरिकेतले, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पोचलेले. तरी त्यांना कोणी अडवले नाही. बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांचाच. आपण आलू म्हणतो म्हणून पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. पण संस्कृतात ‘आलुक’ हा शब्द कंदांसाठी बटाटा येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, तरी आलू दोन्हीकडे आलूच राहिला.

आता नांगरट ट्रॅक्टरने होते. नेमाचा शब्दशः अर्थ घेतला तर सगळेच खाता येईल! शिवाय भाजी येते बाजारातून, युरियावर वाढलेली. तेव्हा ती कोणाच्या कष्टाची, याबरोबर ती कशावर पोसली हेही आता विचारायला हवे.

याचे उत्तर शोधणारे दूरचे नव्हते. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा व शेण कुजवून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१ साली त्यावर निघालेल्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड. जगभरच्या सेंद्रिय शेतीत हॉवर्डचे नाव घेतात, वाडांचे आपणही घेत नाही. पुढे पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नाडेप टाकी दिली : दहा-बारा फूट लांब, तीन फूट उंच, विटांच्या भिंतींना हवेसाठी मुद्दाम ठेवलेली छिद्रे. आत काडीकचरा, थोडे शेण, माती, थरावर थर. तीन-चार महिन्यांत खत. सरकारी योजनांतून अशा टाक्या गावोगावी बांधल्या गेल्या. किती भरल्या गेल्या, हा वेगळा विषय. आम्ही सरकारी नोकर, त्यावर न बोललेलेच बरे.

कंदाला या खताचा फायदा उपटतानाच दिसतो. आपली काळी माती वाळली की दगड होते. तिच्यात गाजर, मुळा फाटे फोडतो, वाकडा वाढतो. कुजलेले खत दोन-तीन वर्षे पडत राहिले की माती भुसभुशीत होते आणि मुळा सरळ खाली जातो. धोप्याला तर नांगरही नको. न्हाणीचे पाणी जाते तिथे पावसाळ्याच्या तोंडाशी दोन कंद पुरले, वरून टोपलीभर खत टाकले, की भाद्रपदात भाजीपुरती पाने घरचीच निघतात.