पॉइंट गेले, ‘मिसिंग’ आले
जुन्या पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविल्यानंतर इंजिन अडखळू लागल्यास दोष कुठे शोधावा?

घाटकोपर : मुंबईची ‘काळी-पिवळी’ म्हणून ओळखली गेलेली प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३पासून टॅक्सी म्हणून इतिहासजमा झाली. अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओ कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि शहरात टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरलेले असल्याने तिची मुदत त्या दिवशी संपली. खासगी नोंदणीच्या पद्मिनी मात्र फेरनोंदणी करून हौशी मालकांनी जपल्या आहेत. घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्यातच ही गाडी तयार होत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तेथे फियाटच्या परवान्यावर ११०० मालिकेतील मोटारी बनविल्या आणि सत्तरच्या दशकात त्यांनाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. कारखाना गेला, टॅक्सी गेली. आता त्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्रीही कमी होत चालले आहेत. त्यामुळे गाडीची नाडी मालकालाच ओळखावी लागते.

अशा गाडीत आज हमखास केला जाणारा बदल म्हणजे ‘पॉइंट’ काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसविणे. चांगल्या प्रतीचे पॉइंट आणि कंडेन्सर मिळविणे कठीण झाले आहे, शिवाय फिलर गेज लावून त्यांची फट वारंवार तपासण्याचा कंटाळा येतो. बदल वाजवीच आहे. परंतु तो केल्यावर इंजिन सुरू तर होते, मात्र चढावर किंवा सिग्नलवर उभे असता अडखळू लागते. मिस्त्री याला ‘मिसिंग’ म्हणतात. मग नव्या मोड्यूलला दोष दिला जातो किंवा कारण नसताना कार्ब्युरेटर उघडला जातो. प्रत्यक्षात नवा भाग अनेकदा निर्दोष असतो. वायरिंग, कॉइल, कॅप यांतला जो कमकुवतपणा पॉइंटच्या काळात खपून जात होता, तो आता उघडा पडलेला असतो.

ठिणगीचा प्रवास

बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह इग्निशन स्विचमधून कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात जातो. हा प्रवाह एकाएकी तोडला की दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. तो डिस्ट्रिब्युटरच्या (जुने मिस्त्री यालाच ‘डेल्को’ म्हणतात) रोटरमार्फत एकेका प्लगपर्यंत पोहोचतो. पॉइंट प्रवाह तोडण्याचे हे काम यांत्रिक रीतीने करीत, तर मोड्यूल तेच काम चुंबकाच्या इशाऱ्यावर करते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडाव्या लागतात. त्यांतल्या चार-पाच चुकल्या तरी गाडी हिसका देते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडते. अशी गाडी पीयूसी चाचणीत हायड्रोकार्बनच्या आकड्यावर अडकण्याची शक्यता असते. दुर्लक्ष केल्यास तेच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइल पातळ करते. जुन्या बेअरिंगना ते परवडणारे नाही.

पहिली पायरी मोजमापाची

सर्वप्रथम मिसिंग एकाच सिलिंडरचे आहे की सगळ्यांचे, हे ठरवावे. विशिष्ट सिलिंडर सातत्याने मार खात असेल तर दोष त्याचा प्लग, त्याची वायर, कॅपमधील त्याचे टोक किंवा व्हॉल्व्ह यांत असतो आणि मोड्यूलचा त्याच्याशी संबंध नसतो. मिसिंग कधी या तर कधी त्या सिलिंडरला होत असेल, तर कॉइल, मोड्यूल, रोटर आणि विद्युतपुरवठा यांकडे वळावे. वायरी काढून जोडल्या असल्यास ठिणगीचा क्रम १-३-४-२ असाच आहे ना, हेही पाहून घ्यावे. बदलाच्या दिवशी ही चूक भल्याभल्यांकडून होते. इंजिन चालू असताना प्लगची वायर हाताने उपटण्याचा जुना प्रकार मात्र टाळावा. झटका जोरदार बसतो आणि मोकळ्या सुटलेल्या ठिणगीने मोड्यूलही जळू शकते.

यानंतर मल्टिमीटर घ्यावा. कॉइलच्या ‘प्लस’ टोकावर इंजिन चालू असताना बॅटरीइतकाच दाब मिळायला हवा. तो एक व्होल्ट किंवा त्याहून अधिक कमी भरत असेल तर स्विच, फ्यूज किंवा एखादा गंजलेला जोड तो खात आहे, असे समजावे. काही गाड्यांत कॉइलच्या आधी बलास्ट रेझिस्टर असतो. पॉइंट जळू नयेत म्हणून तो दाब मुद्दाम कमी करतो, पण अनेक मोड्यूलना पूर्ण बारा व्होल्टच लागतात. खात्री करण्यासाठी बॅटरीच्या ‘प्लस’पासून थेट कॉइलपर्यंत एक तात्पुरती वायर ओढून पाहावी. मिसिंग थांबले तर चोर सापडला! ही वायर काढेपर्यंत चावी फिरवूनही इंजिन बंद होणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

गाडी थंड असताना उत्तम चालते आणि अर्ध्या तासाने घाटकोपरच्या कोंडीत गरम झाल्यावर अडखळते, ही तक्रार वेगळी. येथे कॉइलचा रोध तपासावा. बॅटरी सोडवून, कॉइलच्या दोन लहान टोकांवरच्या वायरी काढून तेथे मीटर लावल्यास साध्या जुन्या कॉइलमध्ये सुमारे तीन ओहम दिसतात, म्हणजे प्रवाह साधारण चार अँपियर. बलास्टसाठी बनविलेली दीड ओहमची कॉइल बलास्टविना जोडली गेली असेल तर प्रवाह आठ अँपियरवर जातो. कॉइल आणि मोड्यूल दोन्ही तापतात, आणि तापलेले मोड्यूल ठिणग्या गाळू लागते. मोड्यूलच्या पत्रकात कॉइलचा किमान रोध दिलेला असतो. तो खरेदीपूर्वी कुणी वाचत नाही.

दुर्लक्षित राहणारा आणखी एक दोष डिस्ट्रिब्युटरच्या पोटात असतो. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे आतली प्लेट सतत किंचित फिरत असते आणि तिला अर्थिंग देणारी बारीक वायर वर्षानुवर्षे वाकून आतून तुटते. पाय ॲक्सिलरेटरवर पडताच इंजिन हिसका देत असेल, तर आधी ही वायर बदलावी. प्लगच्या वायरी साध्या तांब्याच्या असल्यास त्यांतून निघणाऱ्या विद्युतलहरी काही मोड्यूलना गोंधळात टाकतात. त्यांच्या जागी सप्रेशन पद्धतीच्या वायरी वापराव्यात. पॉइंट गेले म्हणजे टायमिंगही हलले, हे गृहीत धरून ते स्ट्रोब दिव्याने पुन्हा लावावे.

मुंबईचा पावसाळा तर या सगळ्याची परीक्षाच घेतो. जोरदार ठिणगी नेहमी सोपा रस्ता शोधते. कॅपला केसाएवढी भेग असेल आणि हवेत दमटपणा असेल, तर ती प्लगकडे न जाता भेगेतून इंजिनाच्या धातूत उतरते. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवल्यास अशी निळसर ठिणगी डोळ्यांना दिसते.

इंधनाचा संशय

सगळेच मिसिंग विजेचे नसते. ठिणगीचा दोष एकदम, तुटकपणे जाणवतो, तर इंधन कमी पडल्यास इंजिन हळूहळू दम सोडते. चालत्या गाडीत चोक किंचित ओढावा. सुधारणा दिसली तर मिश्रण पातळ आहे. २०२५पासून देशभर सर्रास मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण अधिक पातळ होते, आणि इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही ते हळूहळू कुजविते. इग्निशनचा बदल आणि इंधनाचा त्रास एकाच आठवड्यात उद्भवल्यास संशय चुकीच्या भागावर जातो, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

शेतातल्या जुन्या ट्रॅक्टरलाही हेच लागू पडते का? आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. परंतु पेट्रोल किंवा केरोसीनवर चालणारे जुने फर्ग्युसन वा फोर्डसन कुणी जपले असतील, तर मोड्यूल घेण्यापूर्वी बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडले आहे आणि ती सहा व्होल्टची आहे की बारा, हे पाहणे अत्यावश्यक आहे. त्या काळातल्या अनेक यंत्रांत ‘प्लस’ टोक सांगाड्याला जोडलेले असे. त्यावर आजचे साधे मोड्यूल लावताच ते क्षणात जळते.

काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर भंगारात देऊ नयेत. मोड्यूलवर संशय आला की ते तात्पुरते बसवून पाहावेत. मिसिंग तसेच राहिले तर मोड्यूल सुटले. आणि महामार्गावर मोड्यूल खरोखरच बसले, तर डिकीतला तोच जुना संच, एक पेचकस आणि फिलर गेज यांच्या जोरावर गाडी घरी आणता येते. फट तेवढी ०.४२ ते ०.४८ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावी.