ऐकीव बातमी आणि नागरिकाचे कर्तव्य



‘डिजिटल नागरिकत्व’ हा शब्द हल्ली शाळेच्या बैठकांतून वरचेवर कानी पडतो. शब्द नवा, म्हणून ऐकणाऱ्याला वाटते की हा संगणकाच्या मास्तरांचा विषय, आपला नव्हे. पण त्यातला पहिला धडा फार जुना आहे. हाती आलेली बातमी पुढे धाडण्याआधी ती खरी की खोटी हे पाहावे, एवढाच तो धडा. तो न गिरवल्याची किंमत आपल्या महाराष्ट्राने मोजलेली आहे.

प्रथम १८९६ सालाकडे वळू. त्या वर्षी मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. रोग्यांना घरातून उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात नेऊ लागले. तेव्हा ना रेडिओ होता, ना टेलिफोन घरोघर होता. तरीही एक बातमी चाळीचाळींतून वाऱ्यासारखी पसरली. इस्पितळात माणसांना मुद्दाम मारतात आणि त्यांच्या देहातून औषधी अर्क काढतात, अशी ती बातमी. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. जो तो म्हणे, “मला अमक्यानं सांगितलं.” ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले.

आता त्या कामगारांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण इतिहास शिकवणाऱ्याने तिथे थांबू नये. इस्पितळात गेलेली माणसे खरोखरच मोठ्या संख्येने दगावत होती. समजावून सांगण्याऐवजी सरकार जबरदस्ती करीत होते. १८९७ मध्ये पुण्यात तर घरोघरच्या झडतीला गोरे सोजीर धाडले गेले. म्हणजे भीती खरी होती, बातमी खोटी होती. अफवा अशीच उगवते. खऱ्या भीतीच्या जमिनीत ती रुजते. म्हणून नुसते रागावून ती जात नाही; ज्याच्यावर विश्वास आहे असे माणूस जवळ लागते. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या शिक्षिका होत्या, हे आपण शिक्षकांनी विसरू नये.

यानंतर सव्वाशे वर्षांनी चाळीची जागा मोबाईलने घेतली. २०१८ साली देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटरसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावरचे मूल उचलतात आणि पळतात. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी व्हावे! वस्तुतः ती पाकिस्तानात, कराचीत तयार झालेली होती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने आईबापांना सावध करण्याकरिता ती काढली होती. शेवटी तेच दोघे परत येतात, मूल सुखरूप ठेवतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठी केलेली गोष्ट काही क्षण कापल्याने माणसांच्या जिवावर उठली.

अशाच अफवा धुळे जिल्ह्यातही पोहोचल्या होत्या. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मंगळवेढ्याकडची ही माणसे, भिक्षा मागून पोट भरणारी. ‘मुलं पळवणारी टोळी!’ असा गलका झाला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून इतके मारले की पाचही जण तिथेच मेले. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणात येणारा गोसावी आपल्याला परका वाटला, तो मोबाईलवरच्या एका निरोपामुळे. पुढे २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. दोन्हीकडची घरे बसली.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने भारतात एक निरोप एकावेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चांगले केले. परंतु यंत्राला घातलेला लगाम म्हणजे माणसाला आलेली समज नव्हे. ती शाळेत आणि घरातच यायची.

केरळातल्या कण्णूर जिल्ह्याने हे ओळखले. तिथे लसीबद्दलच्या खोट्या निरोपांमुळे पालक मुलांना लस द्यायला तयार होईनात. तेव्हा २०१८ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सुमारे १५० सरकारी शाळांतून खोटी बातमी कशी ओळखावी याचे तास सुरू झाले. मुले शिकली म्हणजे ती घरी जाऊन थोरांनाही विचारू लागतात, हा त्यातला मुद्दा.

घरची बाजू सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखवली. २०२२ च्या ऑगस्टात गावाने ठरवले की रोज सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद. मुलांनी अभ्यास करावा, थोरांनी वाचावे, बोलावे. आरंभी लोक हसले. पण आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक घरोघर फिरले. बंधन पोरांवर न लादता साऱ्या गावाने स्वतःवर घातले, हे मला महत्त्वाचे वाटते. बापाच्या हाती मोबाईल आणि मुलाला उपदेश, हे कसे चालावे?

तर मग करायचे काय? गुरुजी, बाईंनी आठवड्यातून एकदा वर्गात मोबाईलवर आलेला एखादा निरोप फळ्यावर लिहावा आणि मुलांनाच विचारावे : हे कुणी पाहिले? कोठे आणि केव्हा? मागचे-पुढचे काही कापले आहे का? यासाठी संगणक नको, वीजही नको. शोधक बुद्धी वाढवणे हे १९७६ पासून आपल्या राज्यघटनेत नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला याहून चांगला पाठ कोणता?

आणि घरी नातीने विचारले, “आजोबा, हे तुम्हांला कुणी पाठवलं?” तर तिला ‘गप्प बस, मोठ्यांना शिकवू नकोस’ असे म्हणू नका. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही, बाळ’ म्हणा आणि तो निरोप तिथेच थांबवा. राईनपाड्याच्या त्या बाजारात असे विचारणारे आणि त्याचे ऐकून घेणारे कुणी असते, तर पाच माणसे संध्याकाळी आपल्या पालावर परतली असती.