मोडलेल्या यंत्राचे काय करावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे कपडे धुण्याचे यंत्र मोडले. मोडले म्हणजे एकदम बंद पडले असे नव्हे. पिळणी सुरू झाली की जात्यात खडे घालून दळावे तसा आवाज येई आणि खालून काळसर पाणी गळे. कंपनीच्या माणसाने पाच मिनिटांत निदान केले : ड्रमचे बेअरिंग गेले. बेअरिंग म्हणजे तळहातावर मावेल एवढे पोलादी कडे. बाजारात ते काहीशे रुपयांना मिळते. परंतु हा गृहस्थ म्हणाला, "साहेब, नुसते बेअरिंग बदलता येत नाही. टब सीलबंद आहे. अख्खा टब घ्यावा लागेल, साडेनऊ हजार. त्यात तेवढेच आणखी घाला आणि नवे मशीन घ्या." यंत्राला तेव्हा सहा वर्षे झाली होती. आमच्या सौभाग्यवतींचे मत नवे घ्यावे असे पडले. "अहो, हिशेब तुम्ही सावकाश करा, पण तोवर चादरी कोण पिळणार?" हा त्यांचा मुद्दा होता, आणि त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो वाद कसा मिटला ते पुढे येईलच. व्याख्यानमालेच्या चालकांनी इतिहासावर बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्हाला लढाया आणि तह आठवले नाहीत, हे बेअरिंग आठवले. आमचे शिक्षण गिरणगावातल्या मोफत वाचनालयात झाले. इतिहास आम्ही असाच, हातात आलेल्या वस्तूच्या शेंड्यापासून मुळाकडे, वाचत गेलो.

विजेवर चालणाऱ्या या यंत्राचे पेटंट १९१० साली अमेरिकेत अल्वा फिशर याच्या नावावर नोंदले गेले. तोच पहिला असे पूर्वी सांगत, पण त्याच्याही आधी असे प्रयत्न झालेले होते. १९३७ साली बेंडिक्स कंपनीने घरगुती वापराचे स्वयंचलित यंत्र आणले. ते इतके हादरे की फरशीला बोल्टांनी जखडून ठेवावे लागे. या जुन्या यंत्रांचे दोष पुष्कळ होते. परंतु नट-बोल्टांनी जोडलेली वस्तू पान्याने उघडता येते. टबाचे दोन अर्ध बोल्टांनी जोडलेले असले म्हणजे ते सुटे करावेत, जुने बेअरिंग ठोकून काढावे, नवे बसवावे आणि पुन्हा आवळावे. पुढे टब प्लॅस्टिकचा झाला आणि अनेक यंत्रांत ते दोन अर्ध उष्णतेने वितळवून कायमचे सांधले जाऊ लागले. बनविणारे म्हणतात, यात गळती कमी आणि जोडणीचा वेळ वाचतो. हे खोटे नाही. पण त्याच सांध्यामुळे काहीशे रुपयांचा बिघाड साडेनऊ हजारांचा होतो, हेही तितकेच खरे.

मग हे मुद्दाम केले जाते काय? या प्रश्नावर सभेत टाळ्या मिळविणे सोपे असते, म्हणून जपून बोलावे लागते. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे ओसराम, फिलिप्स आणि जनरल इलेक्ट्रिकशी संबंधित कंपन्या यांनी विजेच्या दिव्यांचा एक संघ केला. फीबस हे त्याचे नाव. बाजार वाटून घेणे हा तर हेतू होताच. शिवाय दिव्याचे आयुष्य एक हजार तास ठरविण्यात आले. त्यापूर्वी दीड-दोन हजार तास चालणारे दिवे मिळत. ठरल्याहून जास्त जळणाऱ्या दिव्यांबद्दल सभासद कंपनीला दंड होई. दुसऱ्या महायुद्धात हा संघ मोडला. आता दुसरी बाजू. जास्त टिकणारा दिवा तेवढ्याच विजेत कमी उजेड देतो, आणि १९५१ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने ही बाजू बरीचशी ग्राह्य धरली. आमचे मत असे की तांत्रिक कारण खरे असले तरी दंडाची वही ठेवण्याचे कारण तांत्रिक नव्हते. मोटारींच्या धंद्यात तर दिवा जाण्याचीही गरज उरली नाही. फोर्डने १९०८ ते १९२७ एकच टी मॉडेल दीड कोटीवर विकले. जनरल मोटर्सच्या स्लोन साहेबांनी दरवर्षी नवे रूप काढून चालती गाडी जुनी दिसेल अशी व्यवस्था केली.

परंतु आम्हाला सगळ्यांत अधिक विचारात पाडले ते बर्नार्ड लंडन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका जागा-घरांच्या दलालाने. १९३२ साली त्याने एक छोटी पुस्तिका काढली. प्रत्येक वस्तूचे आयुष्य सरकारने ठरवून द्यावे; मुदत संपली की ती कायद्याने मृत समजावी, सरकारने ती परत घेऊन नष्ट करावी, म्हणजे लोक नवी घेतील आणि कारखाने चालतील! प्रथम वाचताना आम्ही हसलो. मग वर्ष पाहिले. त्या मंदीत, १९३३ साली, अमेरिकेत सुमारे चारांतला एक कामगार बेकार होता. वस्तू फोडा पण माणसांना काम द्या, असे म्हणणारा मनुष्य दुष्ट म्हणावा की व्याकूळ म्हणावा, हे आम्हाला अजून ठरविता आलेले नाही.

कारण हाच प्रश्न आमच्या तोंडावर विचारला गेला आहे. धुलाईयंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकाशी आमची सभा होती. सीलबंद टबाची कथा आम्ही रंगवून सांगितली. सभा संपल्यावर जोडणी खात्यातली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "दादा, सगळ्यांनी जुनीच मशिनं दुरुस्त केली तर आमच्या लाईनवर काय बनवायचं?" ती कंत्राटी होती. मागणी घटली की पहिली घरी जाणारी तीच. तीस वर्षे युनियनचे काम केलेल्या माणसाला उत्तर तयार असायला हवे होते; ते नव्हते.

गिरणीचा इतिहास आम्हाला अशा वेळी आठवतो. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. धोटा अडला, पट्टा तुटला, साचा बंद पडला की हाक त्यांना. १९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्यामागे एक मोठे कारण असे की दोनांऐवजी तीन साचे एका माणसाने चालवावेत असा मालकांचा बेत होता. सुधारणा म्हणजे माणूस कमी करणे, ही समजूत तेव्हापासून कामगारांच्या मनात घट्ट बसली, आणि नव्या यंत्राकडे आमच्या चळवळीनेही पुष्कळदा केवळ संशयाने पाहिले, हे कबूल केले पाहिजे. मालकांचे तर दुहेरी होते. दुसऱ्या महायुद्धात कापडाला सोन्याचा भाव होता आणि साचे रात्रंदिवस पळविले गेले. त्या नफ्यातून नवी यंत्रे घ्यायला हवी होती. अनेक गिरण्यांत ना नवी घेतली ना जुन्यांची नीट निगा राखली. नफा दुसऱ्याच धंद्यांत गेला. १९७४ साली देशातल्या १०३ आजारी कापड गिरण्या सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या.

गंमत अशी की मुंबईत टाकाऊ ठरलेले साचे मेले नाहीत. ते भंगाराच्या भावाने भिवंडीला आणि मालेगावला गेले, तिथल्या मिस्त्रींनी ते उघडले, घासले, भाग ओतून बसविले, आणि त्यांवर पुढे कित्येक वर्षे कापड निघाले. म्हणजे यंत्र दुरुस्त होऊ शकत होते. पण त्या शेडमध्ये बारा-बारा तासांची पाळी होती, ना प्रॉव्हिडंट फंड ना हजेरीपुस्तक. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडिलांचा साचा पुन्हा चालू झाला नाही, आमची शाळा सुटली. पुढे वडील म्हणत, आपला साचा मालेगावात कुणीतरी चालवीत असेल, निदान त्याला तेल तरी घालत असोत.

अलीकडे कायदे या प्रश्नात उतरले आहेत. स्वीडनने २०१७ पासून घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीच्या मजुरीवर करसवलत दिली. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून धुलाईयंत्रांचे सुटे भाग, त्यांत मोटर, पंप आणि आमचे बेअरिंगही आले, शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर निदान दहा वर्षे मिळालेच पाहिजेत असा नियम केला. किंमत काय असावी हे मात्र त्यात नव्हते. साडेनऊ हजारांचा टबही नियमाने 'उपलब्ध' च असतो. २०२४ च्या निर्देशात वाजवी किंमतीची अट आली. फ्रान्सने २०२१ पासून यंत्रावर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. युरोपसारखी सक्ती त्यात नव्हती.

आमच्या यंत्राचे काय झाले? बाजारपेठेच्या मागे एक मिस्त्री आहेत. त्यांनी टब बाहेर काढला, सांध्यावरून करवतीने फिरवून कापला, दोन्ही बेअरिंगे आणि सील बदलले, मग कडेने भोके पाडून, मसाला भरून बोल्टांनी आवळला. दोन दिवस, अठराशे रुपये. ते स्वतःच म्हणाले की ड्रमची मागची तिपाई गंजली असती किंवा मोटर आणि सर्किट दोन्ही गेली असती तर त्यांनीच नवे घ्या म्हणून सांगितले असते. सौभाग्यवतींनी दोन दिवस चादरी हाताने धुतल्या, आणि त्यातल्या एका दिवशी आम्हीही.

त्या कारखान्याच्या नव्या मागणीपत्रात यंदा दोन कलमे अधिक आहेत. सुट्या भागांच्या खात्यातली माणसे कमी करू नयेत आणि कंत्राटी मुलींना तिथे कायम करून दुरुस्तीचे शिक्षण द्यावे, हे एक. टब बोल्टांचा करावा, हे दुसरे. पहिल्यावर बोलणी चालू आहेत. दुसरे वाचून व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, यंत्र कसे बनवावे हे युनियनने सांगू नये. आम्ही मिस्त्रींनी कापलेल्या टबाचा फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला आहे. पुढची बैठक पुढच्या महिन्यात आहे.