फर्मवेअर फाइलनाम
राउटरसारख्या उपकरणात घालायच्या फर्मवेअरच्या फाइलचे सांकेतिक नाव. लिनक्सवर आधारलेल्या, २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्पातले एक नाव उच्चारून पाहावे : ‘ओपनडब्ल्यूआरटी-२३.०५.३-एटीएच७९-जेनेरिक-टीपीलिंक_आर्चर-सी७-व्ही२-स्क्वॉशएफएस-सिसअपग्रेड.बिन’. प्रथमदर्शनी हा मंत्र वाटतो; पण आडव्या रेघांवर तोडला की उलगडतो.

‘२३.०५’ ही २०२३च्या मे महिन्याशी जोडलेली शाखा. ती बाहेर मात्र ऑक्टोबरात आली, त्यामुळे हा आकडा प्रकाशनाची तारीख समजू नये. शेवटचा ‘३’ हा त्याच शाखेतील दुरुस्तीचा क्रमांक. ‘एटीएच७९’ हे चिपचे कुटुंब. ‘व्ही२’ सॉफ्टवेअरची नव्हे, तर यंत्राची आवृत्ती. ती राउटरच्या तळाच्या चिठ्ठीवर छापलेली असते. नवखे हमखास चुकतात ते इथेच. ‘स्क्वॉशएफएस’ म्हणजे दाबून बसवलेली, फक्त वाचता येणारी फाइलव्यवस्था; वापरकर्त्याचे बदल तिच्यावरच्या वेगळ्या थरात साठतात.

शेपटाचा शब्द सर्वांत महत्त्वाचा. कंपनीचे मूळ फर्मवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी बसवायचे असेल तर ‘फॅक्टरी’. ओपनडब्ल्यूआरटी आधीच चालू असेल तर ‘सिसअपग्रेड’. ‘इनिट्रॅमएफएस’ केवळ रॅममधून चालते, वीज गेली की पुसले जाते. ‘स्नॅपशॉट’ हा शब्द शेपटाचा नव्हे; तो म्हणजे विकासातील ताजी, अजून न मुरलेली प्रत.

पूर्वी आवृत्त्यांना ‘व्हाइट रशियन’सारखी मद्यमिश्रणांची नावे असत; ती गमतीची होती. नावावरून फाइल शाबूत आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी सोबत दिलेली शा-२५६ ही पडताळणीची खूण ताडून पाहावी लागते.