बाळंतपणानंतरचे व्यायाम : एका उपचाराचा इतिहास

आमच्या घरांतून बाळंतिणीसाठी शेक-शेगडी, तेलाचे मर्दन, डिंकाचे लाडू आणि पोटाला घट्ट पट्टा ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मात्र सव्वा महिना उलटल्यावर खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब गळू लागले, किंवा पुढे पाळी जाण्याच्या वयात ‘अंग बाहेर आले’, तर त्याची वाच्यता नसे. ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ एवढ्यावर विषय संपे. ज्या उपचाराने ही व्यथा पुष्कळ अंशी आवरता येते, त्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते. प्रसूतीत ती अतिशय ताणली जाते, प्रसंगी तिचे स्नायू फाटतातही. पुढे पाळी बंद होताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटले की त्या भागातील ऊती पातळ व नाजूक होतात. म्हणून तरुणपणी झालेली इजा वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा डोके वर काढते.

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात सिस्टर मिनी रँडेल बाळंतिणींना व्यायाम शिकवीत असत. नर्तिका मार्गारेट मॉरिस यांनी त्यांच्या सहकार्याने १९३६ साली या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. तळाचे स्नायू आवळावे व सैल सोडावे, ही शिकवण त्यात होती. एक परिचारिका आणि एक नर्तिका यांच्या हातून हे कार्य सुरू व्हावे, याचे आम्हांस कौतुक वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, अमेरिकेत डॉ. टॉमस डीलॉर्म यांनी हळूहळू वजन वाढवीत दुबळे स्नायू सबळ करण्याची रीत मांडली. ती जखमी सैनिकांवरील अनुभवातून आली होती. १९४८ साली लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी तेच तत्त्व मातांच्या स्नायूंना लावले. नुसते तोंडी सांगून भागत नाही, पुष्कळ स्त्रिया भलतेच स्नायू आवळतात, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी आतील दाब काट्यावर दाखविणारे एक उपकरण योजिले. आपला प्रयत्न योग्य जागी लागतो की नाही, हे स्त्रीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागले.

आमच्या मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी अंग बाहेर येण्यावर, गर्भाशय राखून करावयाच्या शस्त्रक्रिया सिद्ध केल्या. त्यांचे मोल थोर आहेच. १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षणही सुरू झाले. तथापि त्यामागील मोठी निकड पोलिओची होती. बाळंतिणीचा व्यायाम मागेच राहिला.

केगेल यांचा व्यायाम मात्र जगभर पसरला, आणि पसरताना त्यातील शिक्षकच गळून पडला. हाती एक छापील कागद देऊन स्त्रीची बोळवण होऊ लागली. गुण आला नाही की दोष व्यायामाला! हा गैरसमज दूर करण्यास पुन्हा भौतिकोपचारतज्ज्ञच पुढे आल्या. नॉर्वेच्या कारी बो यांनी १९९९ साली १०७ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत विजेच्या उत्तेजनापेक्षा आणि योनीत धरावयाच्या वजनांपेक्षा नीट शिकविलेला व्यायाम सरस ठरला. २०१४ साली ब्रिटन, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील ४४७ स्त्रियांच्या चाचणीत, अंग खाली सरकल्याचा त्रासही अशा व्यायामाने कमी होतो, असे दिसले. ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शनानुसार खोकताना-शिंकताना लघवी गळण्यावर पहिला उपचार म्हणजे देखरेखीखालील किमान तीन महिन्यांचा व्यायाम होय. फ्रान्समध्ये तर बाळंतपणानंतरचे असे उपचार सार्वजनिक विम्यातून मिळतात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काही स्त्रियांचे हे स्नायू दुबळे नसून आखडलेले व दुखरे असतात. त्यांना आवळण्यापेक्षा सैल सोडणे शिकावे लागते. म्हणून आधी जाणकाराकडून तपासणी, मग व्यायाम, हाच क्रम योग्य.

हे सारे आम्ही मुद्दाम या पानांवर लिहीत आहो. बदलीच्या गावी माहेर हजार मैलांवर असते. आई, मावशी, जाऊ जवळ नसतात, आणि परक्या भाषेत परक्या डॉक्टरापुढे ही गोष्ट काढणे अधिकच जड जाते. अशा घरांत ती अनेकदा पतीलाही ठाऊक नसते. कचेरीतील प्रत्येक कागदाची नोंद ठेवणाऱ्या आम्हां मंडळींनी आपल्या घरातील या दुखण्याचीही आस्थेने विचारपूस करावी. उपचार उपलब्ध आहे. तो मागण्यासाठी लागणारे पहिले वाक्य तेवढे घरात बोलले गेले पाहिजे.