सुलतानाचे विमान

आपल्या किस्से-दास्तानांत माणसे पुष्कळ उडाली आहेत. 'अलिफ लैला'तला आबनूसी घोडा खुंटी पिरगाळताच आभाळात झेपावतो. पण घोडा घडवणारा हकीम, त्यावर स्वार होणारा शहजादा. शहजादी केवळ नेली जाते. ती उडते खरी, पण कुठे उतरायचे हे तिच्या हाती नसते.

हा क्रम १९०५ साली एका मुस्लिम बाईने उलटा केला. मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये त्या वर्षी 'सुलतानाज् ड्रीम' ही इंग्रजी कथा छापून आली. लेखिका बेगम रुकय्या सखावत हुसेन. जन्म १८८०चा, रंगपूरजवळच्या पायराबंदचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. लहानपणापासून कडक पडदा. बहिणीने बंगाली आणि थोरल्या भावाने इंग्रजी शिकवले, तेही लपूनछपून.

कथेतली सुलताना स्त्रीराज्यात जाते. तिथे पुरुष 'मर्दाना'त बंद आणि बायका राज्य चालवतात. राणीच्या भेटीला निघताना भगिनी सारा एका चौकोनी फळीला आसने ठोकते, हायड्रोजनचे दोन गोळे बांधते, विजेवर चालणारी पंखासारखी पाती बसवते आणि दोघी उडतात. इथे जिन्न नाही, परी नाही, मंतरलेला गालिचाही नाही. किती वजनाला किती ताकदीचा गोळा लागेल, याचा हिशेब आहे. राईट बंधूंचे विमान उडून दोनच वर्षे झाली होती.

हे ज्ञान साराला कोठून मिळाले, तेही कथेत आहे. राणीने मुलींसाठी शाळा काढल्या, एकवीस वर्षांच्या आत लग्नाला बंदी केली, विद्यापीठे उभी राहिली. विमान त्यानंतरचे. रुकय्याबेगमांच्या लेखी उड्डाण म्हणजे पळून जाणे नव्हे. शिकलेल्या हातांनी घडवलेली ती वस्तू आहे.

स्वप्न अखेर मोडते. विमानातून घसरून सुलताना आपल्याच खोलीत जागी होते. लेखिकेने पुढची वाट जमिनीवरूनच काढली. पतीच्या निधनानंतर १९०९ साली भागलपूरला आणि १९११ साली कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन त्यांनी शाळा सुरू केली. मुलींना आणायला मोटार ठेवली, तीही चहूबाजूंनी बंद. कोंडलेल्या हवेने मुलींना घेरी येई, उलट्या होत. मग झापे काढून पडदे लावले, तर वाऱ्याने पडदे उडतात म्हणून धमकीची पत्रे आली. हा प्रसंग त्यांनीच 'अवरोधवासिनी'त (१९३१) नोंदवला आहे. एकीकडे विमानाचे स्वप्न आणि दुसरीकडे पडदा हलला म्हणून उठलेले काहूर! या दोन टोकांमध्ये त्यांचे अवघे आयुष्य गेले.

१९३० साली पन्नाशीच्या रुकय्याबेगम खरोखर विमानात बसल्या. 'वायुयानात पन्नास मैल' या बंगाली लेखात त्यांनी ते लिहिले, आणि आपल्या जुन्या कथेतले वायुयान खरे झाले म्हणून समाधान मानले. डिसेंबर १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज विमानाचे तिकीट काढणे अवघड राहिलेले नाही. पण आपल्या घरांतल्या किती मुली आजही प्रवासीच आहेत, आणि किती जणींच्या हाती फळी, खिळे आणि हिशेबाची वही आली, हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कथेचा प्रश्न अजून मिटलेला नाही.