कोणत्या दिवशी कोणता पिक्चर

५ डिसेंबरच्या रात्री आम्ही चूक केली, तिथून सुरू करतो.

६ डिसेंबरला ज्यांना दादरला जायला जमत नाही अशी म्हातारी-कोतारी माणसं वस्तीतच राहतात. त्यांच्यासाठी आदल्या रात्री विहारापुढं पडदा लावायचं ठरलं. वर्गणी जमली. प्रोजेक्टर भाड्यानं आणला. कोणता पिक्चर दाखवायचा याची चर्चा पाच मिनिटांत संपली. नावातच 'जय भीम' आहे, मग इचार काय करायचा? २०२१ चा तमिळ पिक्चर, हिंदीत केलेला. लावला.

अर्ध्या तासात लॉकअपमधली मारहाण सुरू झाली. पट्टे, काठ्या, किंकाळ्या. पुढं सतरंजीवर बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून एकेक उठायला लागल्या. आमच्या शेजारची आज्जी माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "लेका, बाबा गेल्याचा दिवस हाय उद्या. आज आमाला मार दावतूस व्हय?" मला उत्तर आलं नाही. पिक्चर खोटा नव्हता. १९९३ साली तमिळनाडूत कुरवर समाजाच्या माणसाला पोलीस कोठडीत मारलं, त्या खऱ्या प्रकरणावर तो आहे. पिक्चर चांगलाच आहे. दिवस चुकला होता.

त्या रात्रीपासून मी मागं जाऊन बघतोय. आपल्यावरचे पिक्चर कोणी काढले, कोणत्या साली काढले, आणि तेव्हा आपली माणसं काय करत होती. गिरणीत दुसऱ्या पाळीहून आल्यावर मोबाईलवर जेवढं बघता आलं तेवढं बघितलं. दोस्तहो, जे दिसलं ते सांगतो.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्याच साली पुण्याच्या प्रभातनं एकनाथांवर पिक्चर काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, एकनाथ झाले बालगंधर्व. नाव ठेवलं होतं 'महात्मा'. सेन्सॉरला ते नाव खुपलं, म्हणून 'धर्मात्मा' झालं. ब्राह्मण संत महाराच्या घरी जेवतो ही त्यातली मोठी गोष्ट. म्हंजे आपण धर्म सोडायला निघालो तेव्हा पडद्यावर आपल्या घरी पाहुणा जेवायला येत होता.

दुसऱ्याच वर्षी, १९३६ ला, मालाडच्या बॉम्बे टॉकीजनं 'अछूत कन्या' काढला. रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य पोरगी कस्तुरी आणि बामणाचा पोरगा प्रताप. देविकाराणी आणि अशोककुमार. दोघांचं लग्न होत नाही, आणि शेवटी फाटकावरची मारामारी थांबवायला धावलेली कस्तुरी गाडीखाली मरते. नेहरूंनी तो पिक्चर बघितला, सरोजिनी नायडूंनी बघितला. त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं, कारण त्यांनी सांगितलेला मजकूर गाळायला बाबासाहेब तयार नव्हते. स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही म्हणाले आणि स्वतःच्या खर्चानं पुस्तक छापलं. 'जातिनिर्मूलन' ते हेच. एका बाजूला हे पुस्तक, दुसऱ्या बाजूला मेलेली कस्तुरी. टाळ्या कोणाला पडल्या असतील ते मी सांगायला नको. मेलेला अस्पृश्य सगळ्यांना आवडतो.

'सुजाता' घ्या. १९५९, बिमल रॉय. नागपूरच्या दीक्षेला तीन वर्षं झालेली. आपल्या माणसांनी घरातले देव पाण्यात सोडलेले. पिक्चरमध्ये मात्र बामण इंजिनिअरच्या घरात वाढलेली अस्पृश्य पोर आहे, नूतन. घरची आई तिला 'मुलीसारखी' म्हणते, मुलगी म्हणत नाही. ती जीव द्यायला घाटावर जाते तिथं गांधींचा पुतळा आहे, तो तिला मागं फिरवतो. शेवटी ती आई जिन्यावरून पडते, रक्त लागतं, आणि जुळतं ते फक्त सुजाताचं. रक्त दिल्यावर ती मुलगी होते. कस्तुरीनं जीव दिला, सुजातानं बाटलीभर रक्त दिलं. तेवीस वर्षांत भाव एवढाच उतरला. नूतनचं काम बघून मीसुद्धा रडलोय, ते खोटं बोलणार नाही. पण कोणाच्या जयंतीला दाखवायचा हा पिक्चर? रक्तदान शिबिराला दाखवावा फार तर.

मधे एक वेगळी गोष्ट झाली. ती आपल्या पोरांना माहीत नसते म्हणून थांबून सांगतो. जानेवारी १९५४ ला आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' चा मुहूर्त बाबासाहेबांच्या हातून झाला. बाबुराव पेंढारकर जोतिबा झाले, सुलोचनाबाई सावित्रीमाई. त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. त्या पिक्चरमध्ये मरून दाखवणारं कोणी नाही, शाळा काढणारं जोडपं आहे. बाबासाहेबांनी हात लावला तो असल्या पिक्चरला.

आता सत्तरचं दशक. इथं मला सगळ्यात जास्त राग येतो. १९७२ ला दलित पँथर निघाली. त्याच साली नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' आलं. जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळी पेटल्या, भागवत जाधव शहीद झाले. आपण इतिहासात कधी नव्हतो एवढ्या मोठ्यानं बोलत होतो. आणि त्याच १९७४ ला श्याम बेनेगलांचा 'अंकुर' आला. त्यातला किष्टय्या मुका-बहिरा. १९८० ला गोविंद निहलानींचा 'आक्रोश' आला, लिहिणारे विजय तेंडुलकर. त्यातला आदिवासी लहान्या भिकू कोर्टात एक शब्द बोलत नाही. शेवटी ओरडतो तेही स्वतःच्या बहिणीवर कुऱ्हाड घातल्यावर. हे पिक्चर काढणारी माणसं आपली दुश्मन नव्हती. उलट जमीनदाराला, वकिलाला, पुढाऱ्याला त्यांनी उघडं पाडलं. पण आपण रस्त्यावर घसा फोडत असताना त्यांच्या पडद्यावर आपल्याला जीभ नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे. १९८१ ला सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांची 'सद्गती' केली. दुखी चांभार बामणाच्या दारात लाकडाचा ओंडका फोडता फोडता मरतो आणि बामण दोरीनं त्याचं प्रेत ओढत नेतो. तासाभराच्या आतला आहे.

हे पिक्चर फेकून द्या असं मी म्हणत नाही. ते अभ्यासवर्गाला लावा. वीस-पंचवीस जण बसा, 'सद्गती' बघा आणि मग भांडा. दुखी कुऱ्हाड लाकडावरच का मारत राहतो? किष्टय्याला मुका कोणी केला, मालकानं की दिग्दर्शकानं? असल्या भांडणातून कार्यकर्ता तयार होतो. जयंतीच्या गर्दीत तेच लावलं तर नवे कपडे घालून आलेलं पोर मान खाली घालून घरी जाईल.

१९८२ सालची गोष्ट तर ऐकूनच हसू येतं. १८ जानेवारीपासून मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. वर्षाच्या शेवटी ॲटनबरोंचा 'गांधी' लागला. तीन तासांच्या वर लांब. त्यात गोलमेज परिषद आहे. बाबासाहेब नाहीत. एका सीनपुरते नाहीत! त्या पिक्चरला सरकारी महामंडळाचा पैसा होता. मग २००० साल उजाडलं. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', मल्याळी नट मामुट्टी, आणि भाषा इंग्रजी. मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो त्यांच्या हक्काचा होता. हा पिक्चर मात्र १४ एप्रिलला अख्खा लावू नका. डीजे, मिरवणूक, पोरांचा दंगा, त्यात तीन तास कोण बसणार? ६ डिसेंबरच्या आदल्या रात्रीचा पिक्चर हाच होता. आज्जी बसली असती. चवदार तळ्याला हात जोडले असते.

आणि जयंतीला? दोन नावं सांगतो. पा. रंजितचा २०१८ चा 'काला'. धारावीची जमीन वाचवायला उठलेली वस्ती, आणि शेवटी काळा, लाल, निळा रंग उधळून सगळा पडदा भरतो. आमच्याकडं पोरं त्या रंगावर उठून नाचली. दुसरा नागराज मंजुळेंचा २०२२ चा 'झुंड'. त्यात नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं फुटबॉल खेळतात, जयंती साजरी होते, बाबासाहेबांचा फोटो झाकून-लपवून नाही, समोर आहे. त्यासमोर अमिताभ बच्चन हात जोडतो. कस्तुरीपासून इथवर यायला शहाऐंशी वर्षं लागली.

नागराजचा 'फँड्री' मात्र जयंतीला नको. १४ फेब्रुवारी २०१४ ला तो लागला. कैकाड्याच्या जब्याला गावासमोर डुक्कर धरायला लावतात. मेलेलं डुक्कर शाळेच्या भिंतीवरल्या बाबासाहेब-सावित्रीमाईंच्या चित्रांपुढून वाहून नेतात. शेवटी जब्या दगड मारतो आणि तो थेट बघणाऱ्याच्या तोंडावर येतो. 'अंकुर' च्या शेवटीही एका पोरानं दगड मारला होता. तो मालकाच्या खिडकीवर गेला, बघणारा सुरक्षित राहिला. चाळीस वर्षांनी दगडाची दिशा फिरली. कारण या वेळी कॅमेऱ्यामागं आपल्यातलाच माणूस होता.

आणि पिक्चर लागून अडीच महिने होतात न होतात तोच, २८ एप्रिलला, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या दलित पोराला सवर्ण मुलीशी बोलला या संशयावरून मारून लटकवलं. २०१७ ला आरोपी सुटले. म्हणून मी म्हणतो, 'फँड्री' आपल्या वस्तीत कमी आणि गावाच्या शाळेत, कॉलेजात, पाटलांच्या पोरांपुढं जास्त दाखवा. दगड ज्यांच्याकडं फेकलाय त्यांनी तो खायला पाहिजे.

११ एप्रिलला जोतिबांची जयंती. २०२५ ला त्याच दिवशी अनंत महादेवनांचा हिंदी 'फुले' लागणार होता. ब्राह्मण संघटनांनी ओरड केली. सेन्सॉरनं महार, मांग, पेशवाई, मनू हे शब्द काढायला सांगितले. पिक्चर २५ एप्रिलला लागला, जयंती होऊन गेल्यावर. म्हंजे कोणत्या दिवशी काय बघायचं हे आपण ठरवलं नाही तर ठरवणारे बसलेलेच आहेत. १९३६ ला बाबासाहेबांनी एक स्वल्पविराम सोडला नाही. आम्ही पोरांनी ठरवलं, 'फुले' लावायचा, पण आधी गाळलेले शब्द माइकवर मोठ्यानं वाचून दाखवायचे. वाचले. समोर बसलेल्या एका मातंग काकांनी मान हलवली, "आमचंच नाव आमालाच ऐकायला बंदी व्हय रं?"

पुढचा दिवस ११ जुलै. १९९७ ला याच तारखेला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून त्यावर 'जय भीम कॉम्रेड' केला. तो लांब आहे, पण त्यात गाणी आहेत, आपले शाहीर आहेत, बाया बोलतात, कोणी मुकं नाही. त्या रात्री हाच. जुलैत पाऊस असणार, पडदा विहाराच्या आत लावावा लागेल. माझी पाळी त्या आठवड्यात दुसरी आहे, मी अकरानंतरच पोचेन. प्रोजेक्टर कोण आणणार ते या रविवारी ठरवू. आज्जीला मी आधीच सांगून ठेवलंय की यात गोळीबार आहे. ती म्हणाली, "मग त्या दिवशी गोळीबारच दावायचा. येती मी."